रेडिओचा कान पिळला की आवाज: नाटकातल्या रेडिओला बाहेरून स्विच

११ ऑक्टोबर

राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवत असलेल्या नाटकात साठच्या दशकातला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, मोठ्या लाकडी खोक्याचा. नाटकभरात तो तीनदा लागतो आणि तिन्ही वेळा वेगळा कार्यक्रम. दिग्दर्शकांची अट आहे की आवाज रेडिओतूनच यायला हवा आणि आजोबांचं काम करणाऱ्या नटाच्या बोटांवर यायला हवा. ध्वनीच्या टेबलावरून कुणी बटण दाबायचं नाही. अट रास्त आहे. मागच्या नाटकात पात्राने रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हटलं तरी घंटा वाजत राहिली होती आणि प्रेक्षक हसले होते.

रिकामं खोकं भंगारात ६०० रुपयांना मिळालं. आतलं चासी (भाग बसवायचा पत्र्याचा सांगाडा), ट्रान्सफॉर्मर, फाटका स्पीकर सगळं काढून टाकलं. मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या बोर्डाची वीज या खोक्यात जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

साउंड बोर्ड म्हणून डीएफप्लेअर मिनी घेतला, १४० रुपये. सोळा पायांचा, टपाल तिकिटाएवढा. त्यावरच मायक्रोएसडी कार्डाची खाच आणि छोट्या स्पीकरपुरता अँप्लिफायर असतो. ३.२ ते ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे १८६५० चा एकच लिथियम सेल थेट पुरतो, व्होल्टेज वाढवायचं वेगळं बोर्ड लागत नाही. त्याला हुकूम द्यायला आर्डुइनो प्रो मिनी, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारं छोटं बोर्ड, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झचा. घरात आर्डुइनो नॅनो पडून होता, पण त्याचा १६ मेगाहर्ट्झचा वेग सेलच्या उतरत्या व्होल्टेजवर नियमात बसत नाही. प्रो मिनीच्या व्हीसीसी पायाला (वीज आत घेणाऱ्या) सेल सरळ जोडता येतो.

चार्जिंगला टीपी४०५६ चं बोर्ड. दुकानात दोन प्रकार मिळतात. ज्यावर बी प्लस, बी मायनस यांच्याशिवाय आउट प्लस, आउट मायनस असे वेगळे पॉइंट आहेत तेच घ्या, त्यात सेलचं संरक्षण असतं. दहा रुपये वाचवायला दुसरं घेऊ नका. का, ते १८ तारखेच्या नोंदीत आहे.

१४ ऑक्टोबर

टेबलावर जोडणी. सेल होल्डरमध्ये बसवला, बी प्लस-बी मायनसला डाग दिले (सोल्डर केलं), आउटला मल्टिमीटर लावला तर शून्य. सेलवर ३.८ व्होल्ट, बोर्डातून काहीच नाही. बोर्ड परत करायला निघाले होते. मग कळलं की संरक्षणाची चिप सेल पहिल्यांदा जोडल्यावर कधीकधी झोपलेलीच राहते. मोबाइलचा चार्जर एकदा लावून काढला आणि आउटला ३.८ आले. सेल होल्डरमधून काढून परत बसवला की पुन्हा तेच होऊ शकतं, म्हणून चार्जर जवळ ठेवा.

स्पीकर चार इंची, चार ओहम. डीएफप्लेअरच्या दोन्ही स्पीकर पायांवर सिग्नल असतो, त्यातला एकही ग्राउंड नाही. जुन्या रेडिओच्या सवयीने स्पीकरची एक वायर चासीला जोडायचा मोह होतो, तो टाळा. प्रो मिनीच्या टीएक्स (हुकूम पाठवणाऱ्या) पायापासून प्लेअरच्या आरएक्स (हुकूम घेणाऱ्या) पायापर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर घातला. तो नसला की स्पीकरमध्ये बारीक कुरकुर येते.

कार्डावर ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइलींना ०००१, ०००२, ०००३ अशी नावं दिली. नुसत्या कार्डावर टाकल्या तर प्लेअर नावाकडे बघत नाही, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने मोजतो.

वाजलं. बंद करायचा उपाय सध्या एकच, सेल उपसून काढणे.

१८ ऑक्टोबर

बाहेरचा स्विच. दुकानातून दिवा असलेला तीन पायांचा रॉकर स्विच आणला, ४० रुपये. लाल दिवा लागला की रेडिओ चालू आहे हे विंगेतूनही दिसेल, असा हिशोब.

तीन पाय म्हणजे टीपी४०५६ च्या आउटचा प्लस, साउंड बोर्डाकडे जाणारा प्लस आणि दिव्यासाठी मायनस. पायांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मायनस मधल्या पायाला गेला आणि बोर्डाची वायर टोकाच्या पायाला. स्विच दाबल्याबरोबर प्लस आणि मायनस एकमेकांना भिडले. टीपी४०५६ वरच्या संरक्षणाने क्षणात पुरवठा तोडला. साधं बोर्ड असतं तर सेलने सगळी ताकद त्या बारीक वायरीत ओतली असती, आणि वायर लाकडाला चिकटवलेली होती.

अशा स्विचचे पाय ओळखायला मीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवा. स्विच चालू केल्यावर जे दोन पाय ‘पीं’ करतात ते प्लसच्या वाटेतले. उरलेला दिव्याचा, बहुतेक वेळा तो पितळी रंगाचा असतो. मग कळलं की हा दिवा २३० व्होल्टचा निऑन आहे, ४ व्होल्टवर तो कधीच पेटणार नाही. म्हणजे तिसऱ्या पायाचा सगळा खटाटोप वायाच.

दोन पाय वापरून स्विच खोक्याच्या मागे बसवला. तालमीत आजोबांनी रेडिओच्या मागे हात घालून चाचपडायला सुरुवात केली. दिग्दर्शक म्हणाले, “हा माणूस रेडिओ लावतोय की मागून उंदीर काढतोय?” स्विच समोरच्या नॉबवरच हवा.

२२ ऑक्टोबर

गावभागात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून स्विचवाला व्हॉल्यूम, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा पॉट, काढून समोर ठेवला. ३५ रुपये.

ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पुढे नेहमीच्या पॉटचे तीन पाय एका ओळीत, आणि पाठीवर गोल डबीला आणखी दोन पाय. दांडा डावीकडे पूर्ण पिळला की शेवटच्या थोड्या अंतरात बोटाला अडथळा लागतो, जोर लावला की ‘टक्’ होऊन मागचे दोन पाय सुटे होतात. उजवीकडे पिळला की आधी ‘टक्’, मग आवाज वाढत जातो. जुन्या सेटमध्ये हेच असायचं. आजोबांना वेगळं काही शिकवायला नको, हात आपोआप तिथेच जातो.

तीन अडचणी आल्या. पहिली नॉबची. जुना नॉब पाव इंची दांड्याचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि नवा दांडा ६ मिलिमीटर. आतला स्क्रू कितीही आवळला तरी नॉब डुगडुगायचा. कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून दांड्याला गुंडाळली आणि स्क्रू जिथे टेकतो तिथे कानशीने सपाट केलं. आता घट्ट आहे.

दुसरी उष्णतेची. मागच्या दोन पायांना जाड वायर डागताना कथील धरेना म्हणून डाग द्यायची इस्त्री जरा जास्त वेळ टेकवली. आतलं प्लास्टिक मऊ झालं आणि ‘टक्’ यायची बंद झाली. दुसरा पॉट आणला. यावेळी पाय आधी घासून, फ्लक्स लावून त्यांच्यावर कथील चढवून घेतलं, मग वायर क्षणभर टेकवली.

तिसरी अडचण पॉटच्या जातीची. काकांनी दिला तो ए अक्षराचा, म्हणजे आधी हळू आणि शेवटी भरभर चढणारा, कानाला सोयीचा. पण इथे पॉट आवाजाच्या वाटेत नाहीच. प्रो मिनी त्याची स्थिती वाचतो आणि प्लेअरला ० ते ३० मधला आकडा पाठवतो. ए जातीने आकडे निम्म्या फेरीपर्यंत जवळजवळ हलेनात आणि शेवटी एकदम चढू लागले. बी अक्षराचा, म्हणजे सारखा चढत जाणारा, १० किलोओहमचा मागा. मी ए जातच ठेवली आणि प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली, कारण पुन्हा डाग देण्याची हिंमत नव्हती.

२६ ऑक्टोबर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन वेळा तीन कार्यक्रम, म्हणजे रेडिओला ‘आता कितवी वेळ’ हे लक्षात ठेवायला हवं. म्हणून प्रो मिनी सतत जागा ठेवला आणि पॉटचा स्विच फक्त डीएफप्लेअरच्या प्लसमध्ये घातला. कागदावर ही जोडणी सुबक दिसते. स्विच बंद तर प्लेअर बंद, प्रो मिनी मोजणी सांभाळतो.

प्रत्यक्षात रेडिओ कधी लागायचा, कधी नाही. ‘टक्’ व्हायची आणि पुढे शांतता. पुन्हा बंद-चालू केलं तरी शांतता. सेल काढून पाच मिनिटांनी लावला की व्यवस्थित. आधी संशय स्विचवर गेला, मग कार्डावर. कार्ड बदललं, फॉरमॅट केलं, काही फरक नाही. मग प्लेअर स्वस्तातला, नकली चिपचा असेल असं वाटलं आणि दुसरा मागवला. १४० रुपये आणि तालमीचे दिवस गेले. त्यानेही तेच केलं.

शेवटी स्विच बंद ठेवून प्लेअरच्या प्लस पायावर मीटर लावला. तिथे शून्य असायला हवं होतं. मीटर २.४ व्होल्टच्या आसपास दाखवत होता.

वीज येत होती सिग्नलच्या वायरीतून. सिरियलची टीएक्स लाइन मोकळी असताना वर, म्हणजे प्रो मिनीच्या पूर्ण व्होल्टेजवर असते. तिथून १ किलोओहममधून प्लेअरच्या आरएक्स पायात, आणि त्या पायाच्या आतल्या संरक्षक डायोडमधून (वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागातून) प्लेअरच्या प्लस लाइनवर. एवढ्याने प्लेअर चालत नाही, पण मरतही नाही. अर्धवट शुद्धीत पडून राहतो. मग स्विच लावल्यावर व्होल्टेज शून्यापासून चढतच नाही, त्यामुळे त्याला नव्याने सुरू व्हायचंय हे समजत नाही.

ही खोड याच बोर्डाची नाही. दोन बोर्डांमध्ये सिग्नलची वायर आहे आणि स्विच त्यातल्या एकाचाच पुरवठा तोडतो, अशा कुठल्याही जोडणीत ती निघू शकते. तलवारीत, बंदुकीत, मुखवट्यात साउंड बोर्ड घालणाऱ्यांनी स्विच बंद असताना मीटर लावून एकदा बघावंच.

२९ ऑक्टोबर

पॉटचा स्विच आता टीपी४०५६ च्या आउट प्लसवर, म्हणजे सगळ्यांच्या आधी. त्याच्या पुढे प्रो मिनी, प्लेअर आणि डायलचा दिवा, तिघेही एकदम जातात आणि एकदम येतात. प्लेअरच्या पायावर बंद असताना शून्य. त्यानंतर दगा नाही.

स्विच सेल आणि टीपी४०५६ यांच्या मध्ये घालू नका. तिथे घातला तर स्विच बंद असताना चार्जिंग होणार नाही, आणि प्रत्येक वेळी संरक्षणाची चिप झोपायची भीती.

मोजणीचं काय? प्रो मिनीत वीज गेली तरी टिकणारी छोटी स्मृती असते, ईईप्रॉम. चालू झाला की तिथला आकडा वाचायचा, ती फाइल वाजवायची, पुढचा आकडा लिहून ठेवायचा. लिहिण्याची मर्यादा एक लाख वेळा, आपलं नाटक तेवढं चालणार नाही.

पहिल्याच तालमीत घोळ झाला. नेपथ्यवाल्या मुलाने रेडिओ जागेवर ठेवताना सहज कान पिळून पाहिला, बंद केला. आकडा पुढे गेला आणि सकाळच्या प्रवेशात रात्रीचं गाणं लागलं. आता रेडिओ सलग २० सेकंद चालू राहिला तरच आकडा पुढे सरकतो. शिवाय मागे एक छोटं पुश बटण बसवलं. ते दाबून धरून कान पिळला की पुन्हा पहिल्यापासून. प्रयोगाआधी हे करणं माझ्या यादीत पहिलं.

आणखी एक गोष्ट: पॉटचं वाचन एका जागी स्थिर राहत नाही, एक-दोन अंकांनी थरथरतं. प्रत्येक थरथरीला नवा हुकूम पाठवला तर प्लेअर गुदमरतो, आवाजात टिकटिक येते. आकडा खरोखर बदलला असेल आणि आधीच्या हुकमाला किमान १०० मिलिसेकंद झाले असतील, तरच पाठवायचा.

४ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होतं. आज काका तालमीला आले.

मला छळणारी गोष्ट अशी की स्विच लावल्यापासून आवाज यायला दोन-तीन सेकंद जातात. प्लेअरला उठून कार्ड वाचायला तेवढा वेळ लागतोच, तो कमी होत नाही. मी काकांना विचारलं की हे झटपट करायचा काही मार्ग आहे का. ते म्हणाले, “अगं पोरी, व्हॉल्व्हचा सेट लावल्या लावल्या बोलतोय होय? आधी दिवा लागायचा, मग व्हॉल्व्ह तापायचे, मग हळूच घुं करून आवाज यायचा. लगेच बोलला तर तो ट्रान्झिस्टर!”

म्हणजे आवाज उशिरा येतो यात चूक काहीच नव्हती, उलट तो फारच लवकर येत होता. खऱ्या सेटला अर्धा मिनिट लागे. दिग्दर्शक अर्धा मिनिट द्यायला तयार नाहीत, काका पाच सेकंदांवर यायला तयार नाहीत. घासाघीस होऊन आठ सेकंदांवर तोडगा निघाला. तिन्ही फाइलींच्या सुरुवातीला हळूहळू चढणारी घरघर जोडली. डायलच्या काचेमागे पिवळसर एलईडी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून थेट स्विचनंतरच्या प्लसला, म्हणजे ‘टक्’ झाल्याबरोबर डायल उजळते. आजोबांनी त्या आठ सेकंदांत चष्मा पुसायला सुरुवात केली, संहितेत नसलेलं.

बंद करतानाचा प्रश्न मात्र आपोआप सुटला होता. पुरवठा अचानक तोडला की स्पीकर ‘ठप्’ करतो. पण स्विच पॉटच्या टोकाला असल्यामुळे बंद करणाऱ्याला आधी आवाज शून्यावर आणावाच लागतो. फक्त फार भरकन पिळू नका, हुकूम पोचायला वेळ द्या.

५ नोव्हेंबर

मराठी रंगभूमी दिन. सांगलीत आज तालीम ठेवायची सोय नाही, सगळे भावे नाट्यमंदिरात.

९ नोव्हेंबर

खोक्यात बसवल्यावर नवी कटकट. आवाज मोठा केला की गाणं मध्येच तुटायचं आणि घरघर पुन्हा पहिल्यापासून. टेबलावर असं कधी झालं नव्हतं. टेबलावर वायरी वीतभर होत्या, खोक्यात मागच्या सेलपासून पुढच्या पॉटपर्यंत आणि परत असा दुहेरी प्रवास, तोही टोचायच्या जम्पर वायरींतून. मोठ्या आवाजाच्या ठोक्याला सेलवर ३.९ आणि प्लेअरवर मीटरचा आकडा ३.३ पर्यंत खाली येत होता. मीटर संथ, खरा खड्डा त्याहून खोल असणार.

जम्पर काढून सेल, स्विच आणि प्लेअरच्या वाटेत घरगुती दिव्याच्या जोडणीतली मल्टिस्ट्रँड वायर डागली. प्लेअरच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यानंतर पूर्ण आवाजातही तुटत नाही. जम्पर वायर ही टेबलावर जोडून बघायची वस्तू आहे, मंचावर न्यायची नाही.

मागच्या रांगेपर्यंत एवढासा स्पीकर पोचत नाही, ते अपेक्षितच होतं. रेडिओचं टेबल पुढच्या कोपऱ्यात फूटमाइकजवळ सरकवलं.

१४ नोव्हेंबर

रंगीत तालीम. रेडिओच्या मागून जुनी कापडी वेष्टनाची वायर आणि दोन पिनांची प्लग शोभेसाठी ठेवली होती. मंचावरच्या मदतनिसाने ती मेन्सच्या खऱ्या स्विचबोर्डात खोचली. काही झालं नाही, कारण वायर खोक्याच्या आत शिरताच कापून, गाठ मारून संपवलेली आहे. पण कापलेल्या टोकाला वीज आली असणार, सेलपासून वीतभर अंतरावर. आता प्लगमधले स्क्रू सोडवून आतल्या दोन्ही तारा काढून टाकल्या. मेन्सवरच्या जुन्या खोक्याशी खेळणाऱ्यांनी हे काम सगळ्यात आधी करावं, रंगीत तालमीपर्यंत थांबू नये.

रात्री चार्जिंगला लावला तो सकाळीही लाल दिवाच. रेडिओचा कान पिळलेलाच राहिला होता, फक्त आवाज शून्यावर. टीपी४०५६ चार्जिंगचा करंट पुरेसा उतरला की सेल भरला असं समजतो. मागे प्लेअर वीज खात असला की त्याचा हिशोब चुकतो. चार्जिंग नेहमी ‘टक्’ झाल्यावर. खोक्याच्या मागे चिठ्ठी चिकटवली.

२१ नोव्हेंबर

प्रयोग झाला. तिन्ही वेळा लागला. दुसऱ्या वेळी आजोबांनी चष्मा पुसून झाला तरी घरघर चालूच होती, तर त्यांनी रेडिओच्या डोक्यावर एक चापट मारली आणि नेमका त्याच क्षणी निवेदकाचा आवाज आला. टाळी पडली. दिग्दर्शकांना आता ती चापट दर प्रयोगात हवी आहे, म्हणजे सेल होल्डरमध्ये सेल हादरणार. होल्डर काढून पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेला सेल मागवलाय, १८० रुपये. सेलला थेट इस्त्री लावणार नाही.

बिघडलेला पॉट, निरुपयोगी रॉकर आणि विनाकारण घेतलेला दुसरा प्लेअर धरून खोक्यासकट खर्च १,९०० च्या आसपास गेला. त्यातले दुसऱ्या प्लेअरचे १४० रुपये मीटर आधी लावला असता तर वाचले असते. दुसरा प्लेअर सुटं म्हणून डब्यात ठेवलाय, त्याच फाइलींचं कार्ड घालून.